घरची गाडी

साहेबाची खुर्ची मी माझ्या हातानं मांडली. नगरपालिकेचा शिपाई ती वडाखाली ठेवायला निघाला होता. वडाखालून एसटी स्टँड, बाजाराचा रस्ता आणि टेकवाडीची पायवाट, सगळंच दिसतं. मी त्याच्या हातातून खुर्ची ओढून घेतली आणि घोड्यांच्या जुन्या हौदापाशी, आमच्या टॅक्सींच्या रांगेकडं तोंड करून ठेवली.

"साहेब, वडावर बगळे बसतात. वरून घाण पडते. कागद खराब व्हायचे तुमचे," मी म्हटलं.

दाभोळे साहेबांनी वडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि खुर्चीत बसले. जिल्ह्याच्या गावाहून आलेला, अंगानं किरकोळ, चष्मेवाला माणूस. मांडीवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्याला चिमट्यानं लावलेले कागद. आमच्या वाघमाळच्या स्टँडवर तो दोन दिवस बसणार होता. गाडी नाही म्हणून प्रवासी अर्धा तास ताटकळला, तर ते तो लिहून घेणार. अशी नावं जमली तर नगरपालिका टॅक्सीचे बिल्ले वाढवणार. नाही जमली तर आहेत तेवढेच राहणार.

बिल्ला म्हणजे पितळेचा, तळहाताएवढा, गाडीच्या नाकावर लावायचा. बिल्ला असेल ती गाडी रांगेत उभी राहणार, नसेल ती रस्त्यावर कितीही नाचली तरी प्रवासी घेणार नाही. हे टांग्यांच्या वेळेपासूनचं. वाघमाळ थंड हवेचं ठिकाण, हिंडायला येणाऱ्यांवर गाव जगायचं, आणि टांगे मोजकेच. पुढं टांगे बंद झाले तेव्हा नगरपालिकेनं दर टांग्यामागं टॅक्सीचा एक बिल्ला दिला. सात नंबर माझ्या सासऱ्यांचा. सासरे गेले, मग माझे मालक गेले, बिल्ला राहिला. गाडी माझा मुलगा सर्जेराव चालवायचा, आणि मी हौदाच्या कडेवर बसून अख्ख्या स्टँडची पाळी सांगायची. कुणाची गाडी आधी आली, कुणी मध्ये घुसवली, कुणाचं भाडं कुणी पळवलं, सगळे तंटे माझ्यापुढं यायचे. मी दुसरीत शाळा सोडलेली बाई. पण मी नुसतं 'मागं घे' म्हटलं की मिशीवाले ड्रायव्हर गुमान गाडी मागं घ्यायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आमच्या स्टँडचा एक रिवाज फार कडक होता. रांगेतल्या गाडीत फुकट कुणी बसायचं नाही, मालकाची आई असली तरी. पाळी काही एकट्या गाडीची नसते, सगळ्या स्टँडची असते. मी सात नंबरमधून बाजारला गेले तरी पोटच्या पोराच्या हातावर भाडं ठेवूनच उतरायची. ज्याला घरच्या माणसांना हिंडवायचंय त्यानं बिल्ला काढून ठेवावा आणि खुशाल हिंडवावं.

"आक्का, आज कसं होणार?" इस्माईलभाईंनी हळूच विचारलं. स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर ते. त्यांच्या वडिलांचा घोडा आणि माझ्या सासऱ्यांचा घोडा एकाच हौदावर पाणी प्यायचे.

"काय व्हायचंय? गाड्या उभ्या, प्रवासी नाही. साहेब माश्या मारतील दोन दिवस आणि जातील."

मी आदल्या दिवशीच सगळ्यांना बजावलं होतं. लांबचं भाडं घ्यायचं नाही, रांग भरलेली दिसली पाहिजे.

"समोर बघितलंस?" इस्माईलभाईंनी नजरेनं दाखवलं.

वडाखाली मुरलीची जीप उभी होती, धुऊन पुसून, आणि बॉनेटवर मुरली. माझ्या थोरल्या नणंदेचा, अनसूयावन्संचा हा एकुलता एक मुलगा. मायलेक वर टेकवाडीत राहायचे. जीप घेतली होती, पण बिल्ला नव्हता. नवीन बिल्ल्यांसाठी अर्ज केलेल्यांत पहिलं नाव त्याचं. मिळाला नाही तर जीप विकून तो पनवेलला डंपरवर जाणार होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मग वन्संना वाडीत पाणी द्यायलाही कुणी उरणार नव्हतं.

वन्सं आणि मी एकमेकींशी बोलत नव्हतो. टांगे बंद झाले त्याच वर्षी वन्संचा नवरा गेला. मुरलीला कडेवर घेऊन त्या आमच्या दारात आल्या. "बिल्ला बाबांचा आहे, वैनी. त्यात माझापण काही हक्क असेल." मी उंबऱ्यातच उभी होते. म्हटलं, "बिल्ला काय भाकरी आहे, मधोमध मोडून द्यायला? आणि वन्सं, तुम्ही आता या घरच्या नाहीत." त्यांनी वर पाहिलं नाही. गेल्या त्या गेल्याच. मीही बोलवायला गेले नाही.

ऊन हौदावर यायला लागलं आणि टेकवाडीच्या वाटेनं माणसं उतरताना दिसली. एकदम नाही, दोन-दोन, तीन-तीन. कुणाच्या डोक्यावर पेटी, कुणाच्या काखेत बोचकं. सगळी येऊन रांगेच्या तोंडाशी उभी राहिली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

एरवी वाडीचं माणूस टॅक्सीच्या रांगेत दिसायचं नाही. मी डोळे बारीक करून बघत होते. सोनाबाई ढेबे नावाची धनगराची म्हातारी पत्र्याची पेटी घेऊन आली होती. ती पेटी तिनं खाली ठेवली तेव्हा नुसतं टण वाजलं. आत काहीच नव्हतं. आणि सगळ्यांच्या मागं, डोक्यावरून पदर घेतलेली, अनसूयावन्सं. त्यांच्या पायाशी वळकटी. वळकटीला चामड्याचा पट्टा बांधलेला. तो पट्टा मी लांबून ओळखला. सासऱ्यांच्या घोड्याच्या लगामाचा होता तो.

"खोटी माणसं आहेत ही," मी इस्माईलभाईंना म्हटलं. "वन्संनी वाडी उठवून आणलीय. गाड्या कमी पडतात असं दाखवायला."

"मग साहेबाला सांगून टाक."

"आणि साहेबानं विचारलं, कशावरून? पेटी उघडून दाखवू? त्यापेक्षा बसवा सगळ्यांना."

"काय?"

"ज्याला जिथं जायचंय तिथं नेऊन सोडा. घाटाखाली म्हणाला तर घाटाखाली. भाडं आधी घ्या. ढोंग करायची हौस आलीय ना, मग येऊ देत घाट चढून परत."

इस्माईलभाई हनुवटी खाजवत राहिले. "आक्का, सगळ्या गाड्या खाली गेल्या तर वर काय राहील?"

"घाटाखाली जाऊन यायला कितीसा वेळ लागतो? तुम्ही म्हातारे झालात, भाई."

पहिली गाडी पुढं आली. "कुठं जायचं?" ड्रायव्हरनं विचारलं. म्हातारा कोंडिबा म्हणाला, "भोगावला." दुसरा म्हणाला, "त्याच्या पुढं, कातळीला." बाया पदराच्या गाठी सोडून भाडं काढून देत होत्या. मला वाटलं, वन्संनीच दिलं असेल. एकेक गाडी भरून निघाली. साहेबांनी प्रत्येक वेळी कागदावर बारीकशी खूण केली. गाडी मिळाली, गाडी मिळाली. मला हसू येत होतं.

शेवटी सात नंबर राहिला. सर्जेराव खिडकीतून म्हणाला, "आई, मी थांबू का? एक तरी गाडी असावी स्टँडवर."

"सगळे गेले आणि सात नंबर मागं राहिला, असं म्हणायला लावू नकोस. बसव त्या सोनाबाईला."

सोनाबाई रिकामी पेटी मांडीवर घेऊन बसली. गाडी वळणाआड गेली. स्टँड मोकळा झाला, आणि रांगेच्या जागी एकट्या वन्सं उभ्या होत्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या मुद्दामच मागं राहिल्यात.

"वन्सं," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी तोंडातून तो शब्द निघाला, तो असा. "तुम्ही बसला नाहीत?"

"मला गाडी मिळाली नाही," त्या साहेबांकडं बघत म्हणाल्या.

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "आजी, नाव सांगा. आणि जायचं कुठं?"

"अनसूया धोंडू पार्टे. जायचं भोगावला, सरकारी दवाखान्यात."

"काय होतंय?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?"

साहेबांनी नाव लिहिलं आणि म्हणाले, "अर्धा तास."

मी हौदावरून उठले आणि घाटाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. खाली तीन वळणं दिसतात. एकाही वळणावर गाडी नव्हती. कान देऊन ऐकलं, घाट चढणाऱ्या इंजिनचा आवाज मला झोपेतही कळतो, पण नुसता वारा. परत आले. वन्सं उन्हात तशाच उभ्या. चेहरा घामानं थबथबलेला, पण सावलीत सरकत नव्हत्या. सरकल्या तर साहेब म्हणेल, ही काही थांबलेली नाही.

"आत हॉटेलात बसा, चहा सांगते," मी म्हटलं.

"तुझा चहा तूच पी."

साहेब मान खाली घालून हसले. मी त्यांच्याकडं असं पाहिलं, की हसणं आवरलं त्यांनी.

परत घाटाच्या तोंडाशी गेले. परत आले. मुरली बॉनेटवरून उतरून आईकडं बघत होता. साहेबांचं घड्याळ सारखं वर-खाली होत होतं. थोडाच वेळ उरला असेल, तेवढ्यात खालून घरघर ऐकू आली. मी पळतच गेले. आवाज टॅक्सीचा नव्हता. डेअरीची दुधाची गाडी वर येत होती. ती माझ्यापाशी थांबली आणि ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"आक्का, तुमचा सात नंबर पार खालच्या वळणावर कठड्यात गेलाय. ब्रेक लागला नाही म्हणतात. सर्जेरावाच्या डोक्यातून रक्त येतंय. गाडी द्या लवकर पाठवून, मी तर वर चाललोय, दूध फाटंल माझं."

आणि तो गेलासुद्धा.

मी स्टँडकडं वळले. एवढा मोठा स्टँड. एरवी मला तिथं गाड्यांच्या टपांशिवाय काही दिसायचं नाही. आता जमिनीवर नुसते तेलाचे डाग.

पाय आपोआप वडाकडं निघाले. मुरलीनं जीपचं दार उघडून धरलं होतं. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"चला, मामी."

"थांबा," साहेबांचा आवाज आला. ते खुर्चीतून उठून आले होते. "हे बघा, माझ्यासमोर बिल्ला नसलेल्या गाडीनं प्रवासी नेला, तर मला ते लिहावं लागेल. आणि ज्यानं नेला त्याचा अर्ज बाद होतो. नियम आहे." मग माझ्याकडं वळून जरा मऊपणानं म्हणाले, "आजी, तुम्ही गाडीची वाट बघताय का? तुमचं नाव लिहू?"

मी मुरलीकडं पाहिलं. मुरलीचा हात दारावर तसाच राहिला होता. त्यानं मला नेलं तर त्याचा बिल्ला गेला. नाही नेलं तर माझा मुलगा तिकडं रक्तात. आणि मला कुठल्या तोंडानं म्हणता येत होतं, चल म्हणून? आयुष्यात एकदाच माझी जीभ अशी टाळ्याला चिकटली.

"ती प्रवासी नाही, साहेब."

वन्सं रांगेच्या जागेवरून चालत आल्या. वळकटी हातात.

"माझी भावजय आहे ती. धाकट्या भावाची बायको. ही जीप आमच्या घरची आहे, आणि घरच्या गाडीतून घरचं माणूस चाललंय. त्याला बिल्ला लागत नाही."

साहेबांनी चष्मा वर केला. "जीप तुमच्या घरची?"

"माझ्या मुलाची."

"मग आजी, तुम्ही इथं टॅक्सीसाठी का थांबला होता?"

वन्संनी मुरलीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "खोडा माझं नाव."

"थोडाच वेळ राहिलाय. थांबलात तर—"

"खोडा म्हणते ना! वैनी, चढ लवकर. तमाशा बघत उभी राहिलीस."

साहेबांनी नाव खोडलं. पेनाचा तो खरखर आवाज मला जीपमध्ये चढताना ऐकू आला.

जीप घाट उतरायला लागली. मुरलीच्या हातात गाडी चांगली होती, वळणाला ओढत नव्हता, ब्रेकवर पाय घासत नव्हता. त्याचा आजोबा असाच टांगा हाकायचा. वन्सं मागं बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "भावजय म्हणाले. जीभ जड झाली माझी."

"माझ्या तर तोंडातच नव्हती," मी म्हटलं.

खालच्या वळणावर सात नंबर कठड्याला नाक लावून उभा होता. पुढची काच फुटलेली, बिल्ला वाकून लोंबत होता. सर्जेराव दगडावर बसला होता, कपाळाला लुगड्याची चिंधी घट्ट बांधलेली. सोनाबाईनं स्वतःचा पदर फाडून बांधली होती. मला बघून तो उठायला लागला.

"बस खाली," मी ओरडले. "मोठा आला उठणारा!" आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून पाहिलं. जखम लांब होती, खोल नव्हती. डोळे नीट होते.

मुरलीनं त्याला धरून जीपमध्ये बसवलं. मी चढणार, तोच सोनाबाई पेटी घेऊन पुढं आली.

"आणि माझं काय?"

"तुझं काय म्हणजे? परत जायचंय ना वर? मागून येणाऱ्या गाडीत बस."

"वर कशाला? कातळीला सोडायचं ठरलंय मला. भाडं दिलंय मी."

मी तिच्याकडं बघतच राहिले. "म्हातारे, आता सोंग पुरे कर. साहेब नाही इथं."

सोनाबाईनं पेटी खाली ठेवली. परत तसंच टण वाजलं.

"पेटी खोटी आहे, हौसाक्का," ती म्हणाली. "कातळीची लेक खरी आहे. बाळंत होऊन दुसरं पोर चालायला लागलं तिचं, मी तोंड बघितलेलं नाही."

"मग यायचं की स्टँडवर! गाड्या काय शोभेला उभ्या असतात?"

"आले होते की. किती वेळा आले. तुमचे ड्रायव्हर म्हणतात, पाळी लागली की बघू. पाळी लागली की पॉइंट बघायला आलेली मुंबईची माणसं बसवतात. वाडीच्या कच्च्या रस्त्याला गाडी खराब होते म्हणतात. एकदा तू स्वतः म्हणालीस, म्हातारे, तुझ्या बोचक्यासाठी गाडी अडकवू का? मग यायचं सोडलं. वाडीत कुणीच येत नाही. आज अनसूया म्हणाली, सामान नाही म्हणून काय झालं, रिकामी पेटी घ्या, चला, आज साहेब बसलाय, आज गाडी द्यावीच लागंल त्यांना. म्हणून जो तो जायचं तिकडं निघाला."

मी वन्संकडं पाहिलं. त्या दुसरीकडं बघत होत्या.

"दवाखानासुद्धा?" मी विचारलं.

"महिना झाला छातीत दुखतंय," मुरलीच बोलला. "मी आणतो म्हटलं की म्हणते, त्या गाडीला आधी बिल्ला लागू दे, मग बसेन."

"गप रे," वन्सं म्हणाल्या. मग सोनाबाईला हात दिला. "चढ. आज तूपण घरचीच."

जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही भोगावला गेलो. सर्जेरावाला टाके पडले. डॉक्टरांनी वन्संनाही तपासलं, औषधं दिली, परत बोलावलं. सोनाबाईला मुरलीनं कातळीपर्यंत पोचवलं. लेक धावत बाहेर आली आणि आईच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायला लागली. सोनाबाईनं रिकामी पेटी तिच्या अंगणात ठेवली, जाताना भरून न्यायची म्हणून. आम्ही वर आलो तेव्हा साहेब उठून गेले होते. खुर्ची हौदापाशीच होती. इस्माईलभाई आनंदात होते.

"आक्का, साहेबाचा कागद कोरा! एकही नाव नाही. उद्याचा दिवस काढला की झालं."

सर्जेरावाला घरी नेऊन झोपवलं.

दुसऱ्या दिवशी घाटाखाली भोगावला आठवड्याचा बाजार. मी उजाडताच स्टँडवर गेले, खुर्ची उचलली आणि वडाखाली नेऊन ठेवली. टेकवाडीच्या पायवाटेकडं तोंड करून. साहेब आले, हौदाकडं पाहिलं, वडाकडं पाहिलं.

"इथं? आणि बगळे?"

"गेले उडून."

साहेब बसले. थोड्या वेळानं वाट भरायला लागली. मधाचे डबे, तुपाची भांडी, कोंबड्या, पाठीवर पोरं. सगळी माणसं खुर्चीपुढून घाटाकडं चालत जायची. साहेब पेन हातात घेऊन नुसते बघत होते, कारण यांतलं कुणी थांबतच नव्हतं. मग चौघं जण डोली घेऊन उतरले. बांबूला बांधलेल्या घोंगडीत एक म्हातारा कण्हत होता. साहेब उभे राहिले.

"कुठं नेताय यांना?"

"दवाखान्यात, भोगावला."

"अहो, समोर टॅक्सी उभ्या आहेत. विचारलं का?"

चौघंही हसायला लागले. खांदा न बदलता, उभ्या उभ्या हसले. त्यांतला एक म्हणाला, "साहेब, तुम्ही नवीन दिसता."

साहेबांनी त्यांना थांबवलं आणि इस्माईलभाईंची गाडी बोलावून म्हाताऱ्याला तीत झोपवलं. मग खुर्ची अगदी वाटेच्या मध्ये ओढून घेतली आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले, कुठं चाललात, गाडी मिळाली असती तर बसला असता का, किती वेळा विचारलंत. दुपारपर्यंत कागद पुरेनात. शिपाई पळत जाऊन आणखी घेऊन आला.

संध्याकाळी ड्रायव्हर हौदाभोवती जमले.

"खुर्ची कुणी हलवली?" एकानं विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"आक्का, आपल्याच पोटावर पाय?" इस्माईलभाई म्हणाले. "तुझ्या सासऱ्यानं हा स्टँड बसवला, आणि तू—"

"सासऱ्यानं बसवला म्हणूनच. त्यांच्या टांग्यात टेकवाडीची माणसं बसायची. तुमच्या अब्बांच्याही बसायची, भाई. कुणाच्या गाडीत बसतात ते आता सांगा मला. माझ्याही नाही बसत. कुणाच्या बसत असतील तर बोला, मी आत्ता जाऊन साहेबाचे कागद फाडते."

एकेक जण आपापल्या गाडीकडं वळला. पण दुसऱ्या दिवसापासून मला कुणी पाळीही विचारली नाही. ड्रायव्हरांनी आपल्यातला एक तरणा मुलगा पाळी सांगायला नेमला. मी हौदाच्या कडेवर बसतच राहिले. ती कडा काही त्यांची नव्हती.

पावसाळा संपल्यावर नगरपालिकेनं नवीन बिल्ले दिले, फार नाहीत, थोडेच, आणि ते आधी वाडीवस्तीच्या माणसांना. मुरलीच्या जीपच्या नाकावर पितळ चमकायला लागलं त्या दिवशी वन्सं नारळ घेऊन स्टँडवर आल्या. जीप रांगेत सगळ्यात शेवटी उभी राहिली. गाड्या पुढं सरकल्या, सरकल्या, आणि त्याची पाळी आली. प्रवासी कुणी नव्हता. बाकीचे ड्रायव्हर हात बांधून बघत होते, नव्याचं पहिलं भाडं कोण देतंय म्हणून.

मी हौदावरून उठले आणि जीपमध्ये मागं जाऊन बसले.

"मामी?" मुरली गोंधळला. "कुठं जायचंय?"

"टेकवाडीला. तुझ्या घरी."

मी भाडं काढून त्याच्यापुढं धरलं. तो हात मागं घ्यायला लागला.

"असू दे गं," वन्सं बाहेरून म्हणाल्या. "घरची गाडी आहे."

"घरची काल होती. आज नंबरातली आहे," मी सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हटलं. "नंबरातल्या गाडीत फुकट कुणी बसत नाही. घे रे."

मुरलीनं घेतलं. कपाळाला लावलं.

वन्सं नारळ हातात घेऊन माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. मग पायरीवर पाय ठेवून वर चढल्या.

"सरक तिकडं," त्या म्हणाल्या, आणि पदराची गाठ सोडायला लागल्या.